पापण्या जड झाल्या तेव्हा

गावोगावी दवाखाना चालवणाऱ्या मित्रहो,

अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यायचा असतो. तो अहवालात छापून आला आहे, त्यामुळे माझी वेळ मी एका अशा रोगाला देतो, जो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही. मीही नाही. बॉट्युलिझम.

पण पाहिला नाही, की पाहून ओळखला नाही? पहाटे रुग्ण येतो. पापण्या उघडत नाहीत, एकाचे दोन दिसतात, थुंकी गिळवत नाही, आवाज गेंगाणा झालेला. ताप नाही, शुद्ध पक्की. आपण विचारतो, जमिनीवर झोपला होतास का? मण्यार चावली असणार! बहुतेक वेळा तसंच असतं. जानेवारी 2025मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात साथ आली, तेव्हापासून ‘जीबीएस’ (गुलेन-बारी सिंड्रोम) हे दुसरं नावही जिभेवर बसलंय. पण जीबीएसमध्ये लुळेपणा बहुधा पायांतून वर चढतो. बॉट्युलिझममध्ये तो डोळ्यांपासून खाली उतरतो आणि छातीशी पोचला की श्वास थांबतो.

एप्रिल 2015. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लँकेस्टर गावी चर्चचं सहभोजन झालं, प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणलेलं. जेवले 77. दोन दिवसांनी तिथल्या रुग्णालयात एकामागून एक माणसं येऊ लागली. आजारी 29, व्हेंटिलेटरवर 11, मृत्यू एक. मृत्यू एकावर थांबला, कारण तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांचा एकमेकांशी धागा जुळवला आणि प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबून न राहता प्रतिविष मागवलं. थांबणं परवडतच नाही. प्रतिविष रक्तात फिरणारं विष अडवतं. मज्जातंतूंच्या टोकाला चिकटलेलं सोडवत नाही. तिथे नवी टोकं फुटेपर्यंत आठवडे, कधी महिने जातात.

दोषी ठरलं बटाट्याचं सॅलड. बटाटे घरीच बरण्यांत भरलेले, पण प्रेशरखाली नव्हे, नुसत्या उकळत्या पाण्यात. या रोगाच्या जंतूचे मातीतले बीजाणू शंभर अंशांना दाद देत नाहीत. त्यांना 121 अंश लागतात. बरणीत हवा नाही, आंबटपणा नाही, म्हणजे त्यांचं माहेरच. गंमत अशी की बीजाणू जितका चिवट, तितकं त्याचं विष नाजूक. तेच बटाटे वाढण्याआधी दहा मिनिटं खळखळून उकळले असते, तर विष उरलं नसतं.

आपली कैरी आंबट आणि वर मिठाची, म्हणून लोणच्याला मी भीत नाही. भीती वाटते ती तेलात बुडवून फ्रीजबाहेर ठेवलेल्या लसणाची. 1985 साली कॅनडात व्हँकूव्हरला अशाच लसणाने 36 जणांना आडवं केलं. बचत गटाच्या ताईंना लेबल आणि पॅकिंग शिकवणारे पुष्कळ आहेत, आंबटपणा मोजायला शिकवणारे मला फारसे भेटले नाहीत. आणि आजीबाईंची माफी मागून सांगतो, वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोट चाटवू नका. त्याच्या आतड्यात हे बीजाणू रुजतात.

हे सगळं परदेशातलं, असं कुणाला वाटत असेल. सप्टेंबर 1996मध्ये शेजारच्या गुजरातेत एका निवासी शाळेतली 34 मुलं आजारी पडली, तीन दगावली. संशय होता शेवेवर, बेसनाच्या साध्या शेवेवर. जंतूही नेहमीचा नव्हता, त्याचा भाऊबंद निघाला.

म्हणून मण्यारीच्या प्रश्नाशेजारी आणखी दोन प्रश्न ठेवा: गेल्या तीन-चार दिवसांत काय खाल्लं, आणि ते आणखी कुणी खाल्लं का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर मध्यरात्र असली तरी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना उठवा. उरलेलं अन्न फेकू देऊ नका, झाकून थंडीत ठेवा.

आता प्रतिविष. ते कुठून, कुणाच्या सहीने, किती तासांत मिळतं, हे कुणाला ठाऊक आहे? हात वर करायला सांगत नाही, माझाच हात खाली राहील. दुपारच्या सत्रात आरोग्य खात्याचे अधिकारी येणार आहेत. स्वागताचे हार झाले की पहिला प्रश्न हाच विचारायचा, आणि उत्तर म्हणून मला भाषण नको, फोन नंबर हवा.