आपले जुने वाडे व त्यांचा जीर्णोद्धार
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी केवळ मॅट्रिक झालेला शाळामास्तर. स्थापत्यशास्त्र मला अवगत नाही. परंतु माळवदाच्या वाड्यात जन्मलो, त्याचा अर्धा भाग पडलेला पाहिला आणि उरलेला अर्धा सावरला. एवढ्याच अधिकाराने चार शब्द बोलतो.

परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे आपण जाणतोच. जीर्ण झाले तेवढे काढावे व सकस ते राखावे, हाच जीर्णोद्धाराचा अर्थ. देवळाच्या बाबतीत आपणांस उमगणारी ही गोष्ट घराच्या बाबतीत मात्र आपण विसरतो. एक तर सारा वाडा मोडतो, नाही तर तडे गेलेल्या भिंतींवर रंग फासतो.

मोडण्यामागे भय आहे आणि ते खोटे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या शेजारच्या जिल्ह्यांत दहा हजारांच्या घरात माणसे दगावली. आपल्याकडेही जमीन हादरली. पुढे कित्येक रात्री आम्ही अंगणातच निजलो. त्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती दोन पदरी होत्या. दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड बहुधा नव्हते. वर माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षे मातीवर माती पडलेली. काही ठिकाणी तो थर दोन-अडीच फुटांचा झाला होता. तो भार भिंतींसह कोसळला. उलट, लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जेथे भक्कम होता, तेथे भिंत ढासळूनही छप्पर तोलून राहिल्याची उदाहरणे आहेत. यातून बोध घ्यावयाचा तो असा, की दोष जुनेपणाचा नव्हे. भाराचा व हेळसांडीचा आहे.

आता आमची कथा सांगतो. आम्हा तिघा भावांत वाटणीचा तंटा होता. डागडुजी कोणी करावी, यावर आठ वर्षे गेली. माळवदावरील गवत कोणी उपटले नाही, पन्हळी कोणी साफ केल्या नाहीत. एका श्रावणात पश्चिमेचा सोपा बसला. सुदैवाने तेथे कोणी निजलेले नव्हते. त्याच्या कोरीव चौकटी आम्ही भंगाराच्या भावाने विकल्या. पुढे उरलेल्या भागाला मी सिमेंटचा गिलावा करविला. तो दोन पावसाळेही टिकला नाही, कारण मातीत बांधलेल्या भिंतीची ओल बाहेर पडावयास वाट राहिली नाही. ही चूक माझी. ती आपण करू नये.

नंतर शिकलेला क्रम सांगतो. प्रथम भावाभावांनी बसून कागद करावा. मग जाणत्या इंजिनिअरला घर दाखवावे. माळवदाची जुनी माती उतरवून, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरून, पातळ थर पन्हळीकडे उतार देऊन घालावा. वाळवी लागलेली तुळई बदलावी. खांब व तुळया तिरक्या आधारांनी जखडाव्यात. भिंतीत आरपार सांधे घालावेत व गिलावा चुन्याचा करावा. स्वच्छतागृह व विजेची सोय यांत संकोच नको. घरातील सुनेला अडचण होत असेल, तर परंपरेचे कौतुक कोणी करावे?

शोभेचा विचार त्यानंतर. खांबांवरील तैलरंगाची पुटे खरवडून जवसाचे तेल द्यावे. सागवानाची रेघ न् रेघ उमटते. देवळीत समई, ढेलजेत बैठक, चौकात तुळस. याहून निराळे सामान विकत आणावे लागत नाही.

आपली मुले पुण्या-मुंबईस आहेत व तेथे राहणार, हे मी जाणतो. तथापि दिवाळीस येऊन कुलूप उघडण्याजोगे एक दार गावात असावे. सोपा पडल्यापासून माझे धाकटे बंधू चार वर्षे गावी आले नव्हते. गेल्या वर्षी ते आले आणि त्याच ओसरीवर आम्ही तिघांनी एका पंगतीत जेवण केले. वाडा सावरण्यास जो खर्च आला, तो त्या दिवशी फिटला, असे मी मानतो.