भावांची जुनी वही कशी वाचावी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिंडोशी येथे दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर आणि स्नेहभोजनापूर्वी शेअरबाजारासारख्या रुक्ष विषयावर बोलण्याचे काम कार्यकारी मंडळाने आमच्यावर सोपविले आहे. आम्ही या शास्त्राचे पंडित नाही. चार दशके हिशेबाच्या वह्यांत घालविलेली, एवढाच काय तो आमचा अधिकार. परंतु गेल्या कोजागिरीच्या रात्री आपल्या एका ज्ञातिभगिनीने आम्हांस एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर एका घरापुरते देऊन भागणार नाही, असे आम्हांस वाटले.

या भगिनींचे यजमान अलीकडेच निवर्तले. त्यांनी मागे ठेवलेल्या चीजवस्तूंत ‘डी-मार्ट’ची दुकाने चालविणाऱ्या अॅव्हेन्यू सुपरमार्ट्स या कंपनीचे पन्नास शेअर आहेत. ते मार्च २०१७ मध्ये प्रत्येकी २९९ रुपयांनी मिळाले होते. म्हणजे घरातून गेले १४,९५० रुपये. थोरल्या चिरंजीवांनी फोनवर मागील भावांचा आलेख काढून आईला दाखविला आणि म्हटले, “ही रेघ चढतच आली आहे. आहेत ते ठेवूच, शिवाय बाबांच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कमही यातच घालू.” दीर म्हणाले, “आजच विका आणि मोकळ्या व्हा.” तेव्हा त्यांनी विचारले, “भाऊ, या आकड्यांत माझ्यासाठी नेमके काय लिहिले आहे?”

प्रश्न साधा आहे. पण त्यामागे एका घराची शिल्लक आणि धाकट्या मुलीचे शिक्षण उभे आहे.

किरकोळ व्यापाराचा हा नवा इतिहास आपल्या उंबऱ्याशीच घडला आहे. अंधेरीस १९९१ मध्ये शॉपर्स स्टॉपचे पहिले दुकान निघाले. पवईस २००२ मध्ये राधाकिशन दमाणी यांनी डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. बिग बझार चालविणाऱ्या मंडळींची कचेरी जोगेश्वरीस होती. येथे दिंडोशीच्या नाक्यावर २००८ मध्ये ओबेरॉय मॉल उभा राहिला, तेव्हा नागरी निवाऱ्यातील आणि म्हाडाच्या वसाहतीतील आपल्या कुटुंबांनी वाण्याची उधारीची वही मिटून तेथील पिशव्या हाती धरल्या. जेथून आपण डाळ-तांदूळ आणतो ते दुकान आपणांस ओळखीचे वाटते आणि त्याचा शेअरही ओळखीचा वाटू लागतो. येथेच पहिली फसगत होते. दुकानातील गर्दी डोळ्यांना दिसते. त्या गर्दीसाठी बाजाराने किती मोल आधीच मोजून ठेवले आहे, ते दिसत नाही.

मागील भाव म्हणजे तरी काय? बाजार चालू असलेल्या प्रत्येक दिवसाचे पाच आकडे: उघडता भाव, दिवसाचा उच्चांक, नीचांक, बंद भाव आणि किती शेअरांचा व्यवहार झाला तो आकडा. ही रोजकीर्द आहे, ताळेबंद नव्हे. त्या दिवशी कोणी किती दिले आणि कोणी किती घेतले, एवढेच ती सांगते. देणारा शहाणा होता की उतावळा, हे ती सांगत नाही. म्हणून ही वही वाचताना तीन गोष्टी तपासाव्या, अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट, वहीतील माप मध्येच बदललेले नाही ना? टाटांच्या ट्रेंट कंपनीचे उदाहरण घ्या. २०१६ मध्ये तिच्या दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअराचे एक रुपयाचे दहा शेअर झाले. दोन हजारांचा शेअर अशा वेळी दोनशेचा दिसू लागतो. पण हाती एकाऐवजी दहा असतात, म्हणून भागधारकाचे काहीच बुडत नाही. भाकरीचे तुकडे जास्त केले म्हणून भाकरी वाढत नाही आणि घटतही नाही. बक्षीस शेअरांचेही तसेच. आज फोनवर दिसणारे आलेख बहुधा जुने भाव नव्या मापात बसवून दाखवितात. जुन्या वर्तमानपत्रातील किंवा आजोबांच्या टिपणवहीतील भाव मात्र त्या दिवशीच्या मापात असतात. दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली, तर नफ्याचा तोटा आणि तोट्याचा नफा दिसतो. मिळालेला लाभांशही साध्या आलेखात धरलेला नसतो. हीच ट्रेंट कंपनी पूर्वीची लॅक्मे. १९९८ मध्ये सौंदर्यप्रसाधनांचा धंदा विकून ती दुकानदारीत आली. तेव्हा ट्रंकेच्या तळाशी अनोळखी नावाचे जुने प्रमाणपत्र सापडले, तर ते रद्दी समजून टाकू नये. सलग सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. पण रीतसर अर्ज केल्यास वारसांस ते परत मिळू शकतात.

दुसरी गोष्ट, भावाशेजारी नफ्याचा आकडा मांडला आहे काय? आमच्या मते सारा विषय येथे आहे. अॅव्हेन्यू सुपरमार्ट्सचा शेअर २१ मार्च २०१७ रोजी बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी २९९ चा ६०० वर गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो ५,९०० च्या आसपास पोहोचला. साडेचार वर्षांत जवळजवळ वीस पट! त्या महिन्यात ज्या कोणी पन्नास शेअर घेतले असतील, त्यांचे २,९५,००० रुपये गेले. पुढे मे २०२२ मध्ये भाव साडेतीन हजारांच्या खाली होता. म्हणजे एक लाख वीस हजारांहून अधिक रक्कम आठ महिन्यांच्या आत कागदावर नाहीशी झाली.

मग दुकाने बंद पडली काय? मुळीच नाही. मार्च २०२१ अखेर २३४ दुकाने होती, ती मार्च २०२५ अखेर ४१५ झाली. वर्षाचा नफा २०२०-२१ मध्ये सुमारे १,०९९ कोटी होता, तो २०२४-२५ मध्ये सुमारे २,७०७ कोटी, म्हणजे जवळजवळ अडीच पट झाला. आणि भाव? मार्च २०२५ अखेर तो चार हजारांच्या आसपास होता. धंदा वाढला आणि शिखरावर घेणाऱ्याचे मोल घटले. कारण एवढेच की २०१७ साली वर्षाच्या एका रुपया नफ्यासाठी सुमारे चाळीस रुपये मोजावे लागले होते आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे साडेतीनशे. पुढील कित्येक वर्षांची वाढ घेणाऱ्याने आधीच विकत घेऊन टाकली होती. कंपनी तीच, आलेख तोच. पण वडिलांना मिळालेला भाव मुलाला मिळत नसतो. वर चढलेली रेघ पाहून मुलगा वडिलांचा नफा पाहतो आणि तो आपलाच समजतो.

तिसरी गोष्ट, वहीतील काही पाने फाटलेली नाहीत ना? फ्यूचर रिटेल ही बिग बझारची कंपनी. २०१७ च्या अखेरीस तिचा शेअर पाचशेच्या वर होता आणि तिच्या दुकानांतही अशीच झुंबड असे. पुढे कर्ज साचले, २०२० ची टाळेबंदी आली आणि रिलायन्सशी ठरलेला व्यवहार अॅमेझॉनच्या हरकतीने न्यायालयांत अडकून शेवटी मोडला. जुलै २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा भाव दहा रुपयांच्या खाली होता. जुलै २०२४ मध्ये ती गुंडाळण्याचा आदेश झाला. आज आपण यशस्वी दुकानांचे आलेख चाळतो, तेव्हा हा आलेख कोणी आपल्यापुढे ठेवीत नाही. जगलेल्यांच्याच जन्मपत्रिका पाहिल्या, तर सर्वांचे आयुष्य दीर्घच दिसणार.

तर मग ही वही निरुपयोगी काय? नव्हे. तिचा एक पक्का उपयोग कराच्या हिशेबात आहे. १ फेब्रुवारी २०१८ पूर्वी घेतलेले असे शेअर विकताना, प्रत्यक्ष खरेदीपेक्षा ३१ जानेवारी २०१८ चा उच्चांक अधिक असेल, तर विक्रीच्या रकमेच्या मर्यादेत तोच खरेदीची किंमत म्हणून धरता येतो. वारसाने आलेल्या शेअरांस मूळ मालकाची खरेदी आणि तिची तारीख लागू होते. आपल्या भगिनींच्या शेअराचा भाव त्या दिवशी हजाराच्या वर होता. म्हणजे त्यांचा करपात्र नफा २९९ पासून मोजावयाचा नाही. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या अशा नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापुढे साडेबारा टक्के कर आहे. जुन्या भावाची ही एक नोंद न पाहता कोणी विवरणपत्र भरले, तर पदरचे पैसे जातात.

दुसरा उपयोग स्वभावाच्या पारखेचा. ही कंपनी पूर्वी किती पडली होती आणि तितकी पडझड आपले घर, आपली झोप न मोडता सोसेल काय, हे या वहीवरून आधीच विचारता येते. उद्याचा भाव ती सांगणार नाही, पण आपली ताकद ती तपासून घेते.

त्या रात्री आम्ही भगिनींना ‘विका’ही म्हटले नाही आणि ‘ठेवा’ही म्हटले नाही. आम्ही एवढेच म्हणालो, “वहिनी, येथे प्रश्न दोन आहेत आणि घरात ते एक करून भांडण चालले आहे. पन्नास शेअर हा एक प्रश्न. ते घटले तरी घर चालेल, म्हणून त्यांचा निर्णय सावकाश, नफ्याचे आकडे पाहून घ्या. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हा दुसरा. मुलीच्या शिक्षणाला ती दोन वर्षांत लागणार. त्या तारखेला बाजार वर असेल की खाली, हे कोणत्याही आलेखात लिहिलेले नाही. ती रक्कम बँकेतच असू द्या.” चिरंजीव समोरच बसले होते. त्यांनी २०२१ आणि २०२२ ची पाने स्वतः काढून पाहिली, नफ्याचे आकडे शेजारी लिहिले आणि मग आईलाच म्हणाले, “आई, निधीचे राहू दे.” त्यांच्या या शब्दांचे आम्हांस फार मोल वाटले.

ज्ञातीतील तरुणांना आमचे सांगणे एवढेच, की आलेख अवश्य पाहा. पण ज्यांच्या पैशांवर तो पाहता त्यांना शेजारी बसवून पाहा. आणि वडीलधाऱ्यांना विनंती, की कागद कोठे आहेत, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, केव्हा आणि किती किमतीस घेतले, हे एका वहीत आजच लिहून ठेवा. बाजाराची वही कोणालाही मिळते; घराची वही घरानेच लिहावी लागते.