स्मारक : शब्द आणि अर्थ



आजच्या मंगल प्रसंगी ‘स्मारक’ या शब्दाविषयी चार विचार आपणांपुढे मांडण्याची आज्ञा मला झाली आहे. उत्सव आला की स्मारकाची गोष्ट ओघानेच निघते. काय उभारावे, किती उंच असावे, नाव कोणाचे कोरावे, याची चर्चा होते. परंतु स्मारकाने कार्य कोणते करावयाचे, हा प्रश्न बहुधा राहून जातो. त्याचे उत्तर खुद्द शब्दातच आहे.

इंग्रजीतील ‘मॉन्युमेंट’ आणि पोर्तुगीज भाषेतील ‘मोनुमेंतु’ हे दोन्ही शब्द लॅटिनमधील ‘मोनुमेंतुम’ या शब्दापासून आले. त्याचे मूळ ‘मोनेरे’ हे क्रियापद. आठवण देणे, सावध करणे, बोध करणे हे त्याचे अर्थ. भाषाशास्त्रज्ञ या क्रियापदाचे मूळ ज्या धातूत पाहतात, तो आपल्या ‘मन्’ धातूचा सहोदर होय. मन, मति, मनन, मंत्र हे आपले शब्द त्याच कुळातील. ‘मोनेरे’ हे त्या धातूचे प्रयोजक रूप; म्हणजे स्वतः मनन करणे नव्हे, तर दुसऱ्याकडून ते करविणे. आपल्या ‘स्मारक’ शब्दाचा धातू निराळा, ‘स्मृ’ हा. पण घडण तशीच. ‘स्मारयति इति स्मारकम्’, जे स्मरण करविते ते स्मारक. तेव्हा स्मारक हे ज्याच्या नावाने उभे राहते त्याच्यासाठी नसून, जो त्याच्यापुढे उभा राहतो त्याच्यासाठी आहे.

ही केवळ माझी कल्पना नव्हे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वारो नामक रोमन पंडिताने लॅटिन भाषेविषयी ग्रंथ लिहिला. त्यात तो या शब्दाचा असाच उलगडा करतो. नगराच्या आत प्रेत पुरण्यास वा दहन करण्यास रोमन कायद्याची मनाई होती. त्यामुळे समाध्या वेशीबाहेर, राजमार्गांच्या दुतर्फा बांधल्या जात. इ. स. पूर्वी ३१२ मध्ये आरंभिलेल्या आप्पियन मार्गाच्या कडेने त्या आजही दिसतात. वारो म्हणतो की, आपण एके काळी होतो आणि तूही मर्त्यच आहेस, याची जाणीव येणाऱ्याजाणाऱ्याला देण्यासाठीच त्या रस्त्यालगत आहेत. पुढे तो असेही सांगतो की, स्मरणासाठी जे जे लिहिले वा केले जाते, त्यासही हेच नाव मिळाले. या न्यायाने आपण प्रसिद्ध करीत असलेली स्मरणिकाही स्मारकच ठरते.

काळाच्या ओघात शब्दाचा अर्थ पालटला. भारताच्या १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारक ठरण्यास ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्व आणि किमान १०० वर्षांचे वय लागते. रक्षणासाठी अशी व्याख्या आवश्यकच आहे. पण जुने म्हणजे स्मारक, एवढीच समजूत त्यामुळे दृढ होऊ नये.

आपल्याकडील वीरगळ पाहा. ‘गळ’ म्हणजे कन्नड ‘कल्लु’, दगड. खालच्या भागात युद्ध, त्यावर वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्यचंद्र. सूर्यचंद्र असेतो कीर्ती राहील, असे ते आश्वासन. गोव्यातील काही कदंबकालीन वीरगळांवर तर जहाजांतील लढाई कोरलेली आहे. माझ्या बालपणी आमच्या गावच्या तळ्याकाठी असाच एक दगड होता. त्यावर बायका धुणे धूत आणि आम्ही मुले पोहून आलो की त्यावर बसत असू. पुढे एका जाणत्या गृहस्थांनी त्यावरील शेवाळ बाजूला सारून मला घोडेस्वार दाखविला. कोणा एकाने गावासाठी प्राण वेचले होते आणि आम्ही त्याच्यावर ओले कपडे वाळत घालीत होतो! दगड जसाच्या तसा होता. सांगणारे मात्र सरले होते. त्या दिवसाची लाज मी अद्याप विसरलो नाही.

म्हणून माझी एवढीच प्रार्थना आहे. आपण जे उभारावयाचे ते अवश्य उभारावे. पण त्यापुढे थांबलेल्या बालकाने ‘हे कोणाचे, कशासाठी?’ असे विचारले असता उत्तर देणारे कोणी तरी आपल्यात सदैव असावे. तसे सांगणारे असतील तोवरच तो दगड स्मारक राहील.