ठेवणीतली बाटली

(दहावी १९८३ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात ‘माझा छंद’ या सत्रात केलेले भाषण)



माझ्या आधी एकाने पक्षिनिरीक्षणावर सांगितलं, एकीने कशिदाकारीचे नमुने दाखवले. आता माझा छंद. जुनी इटालियन वाइन साठवणं आणि पिणं. याच सभागृहात आठवीत असताना मी व्यसनमुक्तीवर निबंध वाचला होता आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं होतं. ते बक्षीस देणाऱ्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, बाटली आणलेली नाही, नुसतं बोलणार आहे.

तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी द्राक्षबाग होती किंवा आहे. सोनाका, तास-ए-गणेश, खरड छाटणी, बेदाण्याचं शेड हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या आबांची दोन एकर बाग होती. १९९५ मध्ये नोकरीसाठी मी इटलीच्या वायव्येला, तोरिनो शहरात गेलो. तिथून गाडीने तासा-दीड तासावर लांगे नावाच्या टेकड्या आहेत, आणि त्या टेकड्यांवर डोळे पोचतील तिथवर द्राक्षं. पण मांडव नाही. तारांवर चढवलेल्या वेलींच्या ओळी, उतारावर आडव्या.

तिथलं मुख्य द्राक्ष नेब्बिओलो. इटालियनमध्ये धुक्याला ‘नेब्बिया’ म्हणतात. त्यावरूनच हे नाव पडलं असं तिथले लोक सांगतात, कारण हे द्राक्ष उशिरा, ऑक्टोबरात, धुक्याच्या दिवसांत तोडणीला येतं. त्याची साल पातळ, रंग फिका, पण तुरटपणा जबरदस्त. याच द्राक्षापासून बारोलो नावाची वाइन होते. आजच्या नियमानुसार बारोलो तोडणीनंतर निदान ३८ महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले १८ महिने लाकडाच्या पिंपात. ‘रिझेर्वा’ लिहायचं असेल तर ६२ महिने.

एवढं थांबून बाजारात आलेली बाटली मी पहिल्यांदा प्यायलो, आणि तोंड असं आवळलं की कच्चं जांभूळ परवडलं. १९९६ च्या तोडणीची बारोलो होती ती. मी तक्रार केली, तेव्हा शेजारचे म्हातारे गृहस्थ हसले. म्हणाले, “उरलेल्या बाटल्या तळघरात ठेव आणि विसरून जा.” तोरिनोतल्या जुन्या इमारतींमध्ये प्रत्येक घराला तळघरात एक खोली असते, तिला ‘कान्तिना’ म्हणतात. आपल्याकडे माळ्यावर जे जातं ते तिथे कान्तिनात जातं. माझा छंद असा तक्रारीतून सुरू झाला.

बाटलीत काय होतं ते थोडक्यात सांगतो. तुरटपणा देणारी द्रव्यं, म्हणजे टॅनिन, वर्षानुवर्षं एकमेकांना आणि रंगद्रव्यांना चिकटत जातात. त्यातली काही जड होऊन गाळ म्हणून तळाशी बसतात. त्यामुळे तोंड आवळणं कमी होतं. रंग माणकासारखा असतो तो विटकरी होत जातो. ताज्या फळाचा वास मागे पडतो आणि सुकलेली फुलं, चामडं, तंबाखू, ओली माती असे वास वर येतात. मुरांब्याची बरणी दर महिन्याला उघडून पाहणाऱ्या आजीला यातलं काहीच नवीन वाटलं नसतं. फरक एवढाच की वाइनची बाटली उघडून पाहता येत नाही. उघडली की संपली.

२००३ च्या ऑक्टोबरात आबा आमच्याकडे आले. आबा माळकरी. वाइनला ते ‘तुझा तो रस’ म्हणायचे. पण बागायतदार माणूस, द्राक्ष बघायला आला. टेकडीवरच्या एका बागेत त्यांनी माती हातात घेतली, चुरली आणि म्हणाले, “चुनखडी आहे की रं!” आपल्याकडे चुनखडीची जमीन म्हटली की बागायतदार कपाळाला हात लावतो. मग त्यांनी उत्पादन विचारलं. बारोलोला हेक्टरी आठ टनांच्या वर द्राक्ष काढायला नियमानेच मनाई आहे, असं मालकाने सांगितलं. आबांनी मनातल्या मनात हिशेब केला. “एकरी सव्वातीन टन? ह्यांचं भागतं कसं?” मी ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा मालक इतका हसला की आत जाऊन त्याने एक जुनी बाटली आणून उघडली.

आबांनी घोट घेतला नाही. पेला नाकाशी धरला, बराच वेळ. मग म्हणाले, “गुलाब आहे. आन् नव्या सडकेचा वास.” जुन्या नेब्बिओलोचं वर्णन जगभरचे जाणकार ‘डांबर आणि गुलाब’ असंच करतात. आबांनी त्यातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. आमच्या गावचा रस्ता मात्र त्यांनी तीनदा होताना पाहिला होता.

जाताना मी त्यांना १९९६ ची एक बाटली कपड्यांत गुंडाळून दिली. ते म्हणाले, “बागेचं कर्ज फिटलं की उघडू. तुम्ही प्या, मी वास घेतो.” बाटली लोखंडी कपाटात, आईच्या शालूशेजारी गेली. २००८ मध्ये कर्ज फिटलं. मी फोनवर आठवण केली, तर म्हणाले, “राहू दे, नात मोठी होऊ दे.” मीही आग्रह केला नाही. उलट मला बरं वाटलं, कारण जितकी जुनी तितकी चांगली, असंच तेव्हा मलाही वाटत होतं.

२०१२ च्या फेब्रुवारीत आबा गेले. डिसेंबरात पुन्हा आलो तेव्हा आईने कपाट उघडलं. त्यात त्यांचे तीन कोरे शर्ट होते, दिवाळीला मीच पाठवलेले. टाचण्याही काढलेल्या नव्हत्या. आणि बाटली. तिने नऊ मे महिने काढले होते. आपल्याकडचा मे कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. बूच वर सरकलं होतं, लेबलावर ओघळ होता. उघडली तर रंग चहाचा आणि वास काकवीचा. गुलाब नाही, सडक नाही. आईने विचारलं, “असाच असतो का रे?” मी हो म्हणालो.

तेव्हापासून माझ्या कान्तिनातल्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एक चिठ्ठी आहे. तिच्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: कोणत्या वर्षाच्या आत उघडायची आणि कोणाबरोबर. वर्ष चुकू शकतं. नाव शक्यतो चुकवत नाही.

वर्ष कसं चुकतं, तेही सांगतो. माझ्या मुलीचा जन्म १९९७ चा. जन्मवर्षाची वाइन मुलासाठी ठेवायची ही तिकडची आवडती रीत. ९७ चा उन्हाळा गरम होता, द्राक्षं गोड, आंबटपणा कमी. त्या वाइनची बाजारात आल्याबरोबर वाहवा झाली, कारण ती लगेच गोड बोलायची. ९६ चं वर्ष थंड, त्यातली वाइन आंबट, तुरट, घुमी. मी ९७ च्या बारा बाटल्या घेतल्या आणि ९६ च्या आधीच्याच पडून राहिल्या. गेल्या वर्षी मुलीच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या. माझी ९७ थकली होती. दहा-बारा वर्षांची असताना तीच फार सुंदर लागली होती. ९६ ने आधी अर्धा तास तोंडच उघडलं नाही, आणि मग जे उघडलं! मुलीने पेला नाकाशी धरून विचारलं, “आजोबांची सडक हीच का?”

आपल्या तुकडीतही ९६ आणि ९७ आहेत. कोण कोण, ते मी सांगत नाही, ज्याचं त्याला माहीत आहे. बाईंनी आपली प्रगतिपुस्तकं फार लवकर भरली एवढंच म्हणतो. आणि ९७ ला कमी लेखू नका. तिला वेळेवर उघडलं नाही हा माझा दोष, तिचा नाही.

कोणाला हा नाद लागलाच तर अनुभवाच्या चार गोष्टी. बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. जागा अंधारी, बारा ते चौदा अंशांची, हादरे नसलेली. आपल्याकडे याचा अर्थ वाइनचं खास फ्रिज आणि वीज गेली तर पर्याय. तो नसेल तर बाटली साठवू नका, सरळ प्या. जुनी बाटली विकत घेताना आतली पातळी पाहा. ती गळ्याच्या खाली उतरली असेल तर सोडून द्या. एकच बाटली घेण्यापेक्षा तीन घ्या, म्हणजे एक लवकर उघडून अंदाज येतो. उघडण्याआधी एक-दोन दिवस उभी ठेवा, गाळ तळाशी बसतो. जुनं बूच मळसूत्राने तुटतं, त्यासाठी दोन पात्यांचा चिमटा मिळतो. आणि पावसाळ्यात आपल्या शाळेच्या ग्रंथालयात येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास पेल्यात आला, तर बूच सदोष आहे. महाग होती म्हणून पिऊ नका.

बारोलोखेरीजही जग आहे. तोस्कानातली ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो घ्या. ती फक्त सांजोवेझे द्राक्षाची, आणि तोडणीनंतरचं पाचवं वर्ष लागेपर्यंत बाजारात येत नाही. ज्या बिओन्दी-सांती घराण्याने ती नावारूपाला आणली, त्यांनी १८८८ ते १९४५ या काळात फक्त चार वर्षांची वाइन आपल्या रिझेर्वाच्या नावाला लायक मानली: १८८८, १८९१, १९२५ आणि १९४५. बाकी वर्षी ते नाव वापरलंच नाही. इतकी कडक तपासणी मी आपल्या गणिताच्या सरांखेरीज कुठे पाहिली नाही.

ही सगळी उस्तवार शेवटी सहा पेल्यांसाठी. जुन्या बाटलीत सहा जणांना पुरेल इतकंच असतं, आणि तेवढंच असावं. एकट्याने मी जुनी बाटली कधी उघडलेली नाही.

माझ्याकडे १९९६ च्या दोन बाटल्या उरल्या आहेत. एकीच्या चिठ्ठीवर मुलीचं नाव आहे. दुसरीवर मी इथे येण्याच्या आदल्या रात्री ‘१९८३ ची तुकडी, २०२६ च्या आत’ असं लिहून आलो. तेव्हा तोरिनोला या. माळकऱ्यांनीही या, वासाला मनाई नाही. फक्त दोन दिवस आधी कळवा, बाटली उभी करून ठेवावी लागते.