रुग्णाचे अन्न आणि रुग्णालयाचा काटा



रुग्णालयात दाखल होणाऱ्याचा ताप मोजला जातो, नाडी पाहिली जाते, रक्त तपासले जाते. त्याच्या पोटात पुरेसे अन्न किती दिवस गेलेले नाही, हे मात्र पुष्कळदा विचारावयाचे राहून जाते. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स बटरवर्थ यांनी १९७४ साली या उपेक्षेकडे लक्ष वेधले होते. कुपोषित रुग्णाची जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग बळावतो आणि रुग्णालयातील मुक्काम लांबतो.

ब्रिटनमध्ये २००३ साली प्रौढांसाठी ‘मस्ट’ ही सोपी चाचणी सिद्ध झाली. उंचीच्या मानाने वजन, गेल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप घटलेले वजन आणि तीव्र आजारात पाच दिवसांहून अधिक काळ अन्न न जाणे, या तीन बाबींना तीत गुण दिले जातात. बेरीज दोन किंवा अधिक झाल्यास धोका मोठा समजून रुग्णास आहारतज्ज्ञाकडे सोपविले जाते.

१६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ५३ किलो असेल, तर तो कृश वाटणार नाही. परंतु चार महिन्यांपूर्वी ते ६० किलो असेल, तर घट दहा टक्क्यांहून अधिक ठरते आणि एवढ्यानेच दोन गुण होतात. काट्याला आजचे वजन कळते; मागचे घरच्यांनाच ठाऊक असते. कपडे सैल झाले, अंगठी बोटातून गळू लागली, रुग्ण आठवडाभर नुसत्या पेजेच्या निवळीवर आहे, या गोष्टी क्षुल्लक न मानता पहिल्याच दिवशी परिचारिकेस सांगाव्यात. औषधाइतकीच अन्नाचीही नोंद व्हावयास हवी.