गावचे नाटक कोणाचे?

श्रोतेहो, जत्रेला नाटक बसवायचे ठरले की गावात चर्चा कशाची होते? वर्गणीची, पडद्यांच्या भाड्याची आणि नायकाचे काम कोणाला द्यायचे याची. नाटक कोणते, हे बहुधा आधीच ठरून गेलेले असते. गुरुजी छापील पुस्तक आणतात, तालीम घेतात, चुकेल त्याला दटावतात. बाकीच्यांनी पाठ करायचे. यात गुरुजींचा दोष आहे असे नव्हे. सारे गावच त्यांच्यावर टाकून मोकळे होते! पण हेच काम उलट्या बाजूने करून पाहिलेल्या एका गावाची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. गाव आपल्याकडचे नाही, आफ्रिकेतल्या केनिया देशातले आहे.

कामिरीथू हे त्याचे नाव. राजधानी नैरोबीपासून साधारण ३० किलोमीटरवर, लिमुरूजवळ. १९५२ साली इंग्रजांविरुद्ध माउ-माउंचा लढा पेटला, तेव्हा सरकारने शेतकऱ्यांना वाड्यावस्त्यांवरून उठवून पहाऱ्यातल्या वसाहतींत कोंबले. त्यांतली ही एक. १९६३ मध्ये स्वराज्य आले, पण जमीन काही पुष्कळांना मिळाली नाही. कोणी चहाच्या मळ्यात रोजाने जाई, कोणी जोड्यांच्या कारखान्यात.

न्गुगी वा थिओंगो हे तिथलेच. नैरोबी विद्यापीठात साहित्याचे प्राध्यापक, इंग्रजीत लिहिणारे नामांकित कादंबरीकार. २०२५ साली ते वारले. तर १९७६ मध्ये गावातली एक बाई सकाळीच त्यांच्या दारी आली. तुम्ही पुष्कळ शिकलात म्हणतात, मग त्यातले थोडे गावाला द्या की, असे तिचे म्हणणे. एकदा येऊन ती थांबली नाही, पुन्हा पुन्हा येत राहिली. शेवटी ते गेले. बोलावणे कोणाकडून आले, हे ध्यानात घ्या बरे का!

साक्षरतेचे वर्ग निघाले आणि त्यांतून नाटकाची गोष्ट पुढे आली. हे न्गुगी आणि त्यांचे सहकारी न्गुगी वा मिरिइ या दोघांनी १९७७ मध्ये गावच्याच गिकुयू भाषेत कच्चा खर्डा लिहिला. एका गरीब शेतकऱ्याचा जमिनीचा तुकडा एक धनिक कसा गिळतो, ही त्याची कथा. खर्डा लोकांपुढे वाचला, आणि लोकांनी तो चक्क दुरुस्तीला घेतला! हा एवढा वयोवृद्ध माणूस, त्याच्या तोंडी पोरासोरांची बोली कशी घातली, तुम्ही शिकलात तरी काय, असे त्यांनी विद्यापीठातल्या मंडळींना विचारले. कारखान्यातल्या मजुरांनी मजुरी किती आणि मालाची किंमत किती, याचा हिशेब मांडून दाखवला. लग्नसमारंभातल्या गाण्यांचा भाग तर एका निरक्षर बाईने सांगितला आणि लेखकांनी तो उतरून घेतला. जात्यावरच्या ओव्या सांगणारी आपली एखादी आजी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे तिथे गुरुजी कोण झाले होते ते कळेल.

खुला रंगमंच गावकऱ्यांनीच उभारला, २००० वर माणसे बसतील एवढा. आधी काडेपेटीच्या काड्या मांडून त्याचा नमुना करून पाहिला. लढ्याच्या प्रसंगासाठी खोट्या बंदुका हव्या होत्या. त्या घडवणाऱ्यांत पूर्वी लढ्याला खऱ्या बंदुका पुरवलेले कारागीर होते. तालमी उघड्यावर चालत. येणारा-जाणारा थांबे, चुकले तर बोले. प्रयोगाच्या दिवसापर्यंत बघ्यांनाही भाषणे पाठ झाली होती.

असे नाटक झटपट बसत नाही. माणसे वाढली की मतेही वाढतात. पुढे पुस्तक छापले, त्यावर नावे दोघा लेखकांचीच आली, हेही सांगितले पाहिजे. माझ्या मते लेखणी ज्याच्या हाती, त्याच्याकडे थोडी सत्ता उरतेच. म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढेच सुचवतो, की कामे वाटण्याआधी नाटक एकदा चावडीवर मोठ्याने वाचा. लोक काय म्हणतात ते लिहून घ्या, आणि त्यांतले काय घेतले, काय सोडले, तेही त्यांना सांगा.

२ ऑक्टोबर १९७७ ला पहिला प्रयोग झाला. शनिवार-रविवारी दूरदूरची माणसे लोटू लागली. सहा आठवड्यांत, १६ नोव्हेंबरला, सरकारने परवाना काढून घेतला. ३१ डिसेंबरला न्गुगींना उचलले आणि खटला न चालवता जवळजवळ वर्षभर तुरुंगात ठेवले. त्यांची इंग्रजी पुस्तके तोवर निर्वेध विकली जात होती. गावच्या भाषेत, गावाच्या तोंडून तीच गाऱ्हाणी निघाली, ती मात्र सोसवली नाहीत. १९८२ मध्ये गावाने दुसरे नाटक बसवले, तेव्हा पोलिसांनी तो रंगमंचच जमीनदोस्त केला.

तुरुंगात न्गुगींनी शौचाच्या कागदांवर एक कादंबरी लिहिली, गिकुयूत. १९८० साली ती छापून आली. वाचता येणारे थोडे, म्हणून ती घरोघर आणि गुत्त्यांतसुद्धा मोठ्याने वाचली जाऊ लागली. गुत्त्यातला वाचणारा ऐन रंगात येऊन थांबे, पेला रिकामा झाला की पुस्तक खाली ठेवी, आणि ऐकणारी मंडळी तो आपल्या पैशाने भरून देत.