ढगांवरचं गाव

आमच्या गटातल्या एकीनं मागच्या बैठकीत जुन्या कॅलेंडरचं एक पान आणलं होतं. खाली नुसतं धुकं आणि धुक्यावर दगडी घरांचं एक गाव तरंगतंय, असं चित्र. "ताई, असं गाव खरंच असतं का हो?" तिनं विचारलं. असतं. फ्रान्सच्या दक्षिण भागात, आल्बी शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. नाव कोर्द. खाली सेरू नदीची दरी, वर टेकडी. पावसाळी थंडीच्या सकाळी दरी धुक्यानं भरते आणि गाव तेवढं वर उरतं. म्हणून १९९३ साली गावानं आपलं नावच 'कोर्द-स्युर-सिएल' करून घेतलं. म्हणजे आभाळावरचं कोर्द.

चित्र देखणं आहे, पण गाव वसलं ते देखणेपणासाठी नव्हे. आठशे वर्षांपूर्वी त्या मुलखात कॅथर नावाचा ख्रिस्ती पंथ होता. त्यात बाईलासुद्धा दीक्षा घेऊन धर्माचं काम करता येई. रोमच्या पोपना हा पंथ पाखंड वाटला आणि १२०९ मध्ये त्याच्याविरुद्ध युद्ध सुरू झालं. गावंच्या गावं जळाली. कोर्दजवळचं सँ-मार्सेलही त्यात गेलं. मग तुलूझचा सरदार सातवा रेमाँ यानं १२२२ मध्ये या टेकडीवर नवं गाव वसवलं. येऊन राहणाऱ्यांना सनद दिली, करांत सवलती दिल्या. घर गेलेल्या माणसाला आणखी काय हवं? माणसं आली. तटाच्या आत जागा पुरेना, तेव्हा बाहेरून दुसरा तट बांधावा लागला, मग आणखी.

पण उंचावर राहायचं म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचा. हे मी तुम्हाला काय सांगू! नदी खाली, चूल वर. वेढा पडला तर नदीवर जाणार कोण? म्हणून गावाच्या मधोमध, आज जिथे बाजाराची छपरी आहे तिथे, विहीर खणली. खोली ११३ मीटर, म्हणजे ३७० फूट. आपल्याकडच्या बोअरएवढी, पण मशीन नव्हतं, खडक हातानं फोडलेला. एवढ्या खोलीतून एक घागर वर काढायला किती दोर लागला असेल आणि कुणाच्या तळहाताला घट्टे पडले असतील, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. लोक मात्र सांगतात, की चौकशीला आलेल्या तीन धर्माधिकाऱ्यांना गावानं याच विहिरीत टाकलं. ती दंतकथाच. घागरी भरणाऱ्यांची दंतकथा झाली नाही.

रेमाँ शेवटी हरला. १२२९ च्या तहात त्याला आपली मुलगी झान राजाच्या भावाला द्यायचं कबूल करावं लागलं. मुलगी नऊ वर्षांची. तिला बापापासून नेऊन राजाच्या घरी वाढवलं. १२७१ मध्ये ती आणि तिचा नवरा थोड्याच दिवसांच्या अंतरानं वारले. मूलबाळ नव्हतं, आणि तुलूझचा सगळा मुलूख फ्रान्सच्या राजाकडे गेला. पुस्तकांत हा वारसाहक्काचा मुद्दा म्हणून येतो. मला ते नऊ वर्षांचं पोर दिसतं.

तरी गाव भरभराटीला आलं ते हातांच्या कामावर. कातडं कमावणं, कापड विणणं. व्यापाऱ्यांनी दगडी घरं बांधली, त्यांच्या दर्शनी भिंतींवर शिकारी, कुत्री, ससे, रानडुक्कर कोरले. ती घरं अजून उभी आहेत. पुढे साथी आल्या, धर्मयुद्धं झाली. त्या पट्ट्यात पास्तेल नावाच्या झुडपाच्या पानांपासून निळा रंग करत. पानं ठेचायची, हातानं गोळे वळायचे, वाळवायचे. त्यावर लोक श्रीमंत झाले. मग समुद्रमार्गे आपल्याकडची नीळ गेली. तिचा रंग गडद, थोडक्यात भागणारा. पास्तेलचा धंदा बसला. आणि ज्या नीळीनं तिकडच्यांचा घास काढला, तिनं पुढे आपल्या चंपारणच्या शेतकऱ्यांनाही पिळलं. १९१७ ला गांधीजी तिकडे गेले ते त्यासाठीच.

कोर्द बरीच वर्षं निजल्यासारखं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्वित्झर्लंडकडून भरतकामाची यंत्रं आली. त्यावर बसलेला कारागीर नक्षीच्या कागदावर दांडा फिरवायचा आणि पलीकडे कापडात ओळीनं लावलेल्या शेकडो सुया एकदम तेच फूल भरायच्या. सुयांत दोरा ओवायचं काम अशा यंत्रांवर बहुतेक बायका-पोरांचं असे. भरणारा एक, ओवणाऱ्या अनेक. फॅशन बदलली, ते कामही आटलं.

आज तिथे हजाराच्या आत माणसं राहतात. उन्हाळ्यात पर्यटक धापा टाकत चढ चढतात आणि विहिरीपाशी येऊन आत डोकावतात. पाणी नळाला येतं.

आमच्या गटातल्या त्या बाईनं सगळं ऐकून कॅलेंडरचं पान परत घडी घालून पिशवीत ठेवलं आणि विचारलं, "त्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या ना?" नव्हत्या, दोरच होता. बरं, पुढच्या शनिवारी याच वेळेला भेटू. नमस्कार.